७७ दिवस

डिमोनातल्या त्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक हिब्रू तारखांचं, शाब्बाथच्या वेळा दाखवणारं. दुसरं मोठ्या आकड्यांचं मराठी, दरवर्षी मुंबईहून कोणीतरी गुंडाळून आणतं ते. २०१९ च्या जानेवारीत आजीने या दुसऱ्या कॅलेंडरवर लाल पेनाने मोजायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात नातीला बेर शेवाच्या इस्पितळात मुलगी झाली होती. आजी एकेक चौकट मोजत गेली, पान उलटलं, चश्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि पुरिमच्या सुमारास येऊन पेन थांबलं.

"७७ होतात," ती म्हणाली. "तीन दिवस कमी."

कमी कशाला, हे घरातल्या तरुण मंडळींना कळलं नाही. आजोबांना कळलं. तोरात, लेवीयच्या बाराव्या अध्यायात, मुलगा झाला तर बाळंतिणीचे ७ आणि ३३ मिळून ४० दिवस, आणि मुलगी झाली तर १४ आणि ६६ मिळून ८० दिवस सांगितले आहेत. आपल्या जुन्या बेने इस्राएल घरांत हे दिवस पाळत. कायद्याच्या भाषेत ते शुद्धीचे दिवस; घरातल्या भाषेत मात्र अंग चोळून घ्यायचे, शेक घ्यायचा, ओवा-बाळंतशोपाची धुरी घ्यायची, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खायचे आणि पाण्यात हात घालायचा नाही, असे दिवस. शेजारच्या हिंदू घरात सव्वा महिना, आपल्याकडे मुलगी झाली तर त्याच्या दुप्पट. मुलीच्या आईला जास्त विश्रांती मिळायची, तेव्हा आजीच्या लेखी हा तोराचा उपकारच होता.

नातीने ठरवलं होतं ते असं: तिला मिळणाऱ्या पगारी १५ आठवड्यांपैकी ११ ती घेणार आणि उरलेले ४ नवऱ्याला देणार. ११ गुणिले ७ म्हणजे ७७. बाराव्या आठवड्यात ती कामावर, आणि बाळ बापाजवळ.

"बापाजवळ म्हणजे? आणि त्याची नोकरी?"

"तो रजेवर असेल, आजी."

"बाळंतपण कोणाचं झालंय?"

फोनवर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

आजीचा राग समजून घ्यायचा तर १९६८ पर्यंत मागे जावं लागतं. ती आणि आजोबा १९६५ मध्ये मुंबईहून आले ते सरळ डिमोनाला. आजोबांना मृत समुद्राकाठच्या एका कारखान्यात पाळीचं काम लागलं, आजीला गावातल्या कापडाच्या कारखान्यात. मुंबईच्या माणसाला गिरणीचा आवाज नवा नव्हता. नवी होती ती बाहेरची शांतता आणि वाळू. १९६८ मध्ये तिला पहिली मुलगी झाली. दुखायला लागलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती कामावर गेली होती. इस्राएलचा बायकांच्या नोकरीचा कायदा १९५४ चा. त्याने बाळंतपणाची १२ आठवड्यांची रजा दिली होती, आणि त्या दिवसांत मालकाने तिला कामावर ठेवायचं नाही, अशी मनाईही घातली होती. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. आजी आजही हसत सांगते, की तोराने ८० दिले आणि कारखान्याने ८४. वरचे चार दिवस लेकीचे लाड करायला.

पण त्या ८४ दिवसांत घरात येणारा पैसा पगाराच्या ७५ टक्के होता. बितुआख लेउमी, म्हणजे राष्ट्रीय विमा, त्या काळी तेवढाच बाळंतभत्ता देत असे. चौथा हिस्सा गेला की काय जातं, हे नवख्या गावात नव्याने संसार मांडणाऱ्या बाईलाच विचारावं. नेमक्या याच दिवसांत दुधाचा खर्च वाढतो, रॉकेल जास्त लागतं, लंगोटांना साबण जास्त लागतो. आजोबांनी जादा पाळ्या घेतल्या. घरात मूल आलं म्हणून बाप घरातून अधिकच बाहेर गेला. लेक जन्मली त्या रात्रीही ते पाळीवर होते. तिला पाहिलं ते तिसऱ्या दिवशी. याबद्दल त्यांना कोणी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

रजा संपवून आजी परतली तेव्हा तिच्या यंत्रावर दुसरी बाई उभी होती. तिला दुसऱ्या खात्यात घातलं, आणि तिथे नगावर मिळणारा बोनस कमी होता. कामावरून काढलं नव्हतं, कारण काढता येत नव्हतं. हलवलं होतं. तक्रार कुठे करायची, कोणत्या भाषेत करायची? तिने केली नाही. पण तेव्हापासून तिच्या मनात एक हिशेब पक्का बसला: हे आठवडे बाईला कोणी फुकट देत नाही, ती त्यांची किंमत मोजते, तेव्हा ते तिचेच. त्यातला एक दिवसही पुरुषाला द्यायचा म्हणजे आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढणं.

त्याच लेकीने, म्हणजे नातीच्या आईने, १९९० मध्ये नातीला जन्म दिला. तेव्हाही १२ आठवडे आणि ७५ टक्केच. दुसरी मुलगी १९९३ मध्ये, तीही तेवढ्यावरच. १९९४ च्या शेवटी कायदा बदलला आणि भत्ता पूर्ण पगाराइतका झाला, अर्थात वरच्या मर्यादेपर्यंत. १९९६ मध्ये मुलगा झाला तेव्हा पहिल्यांदा घरात पूर्ण पैसा आला. "पूर्ण पगार घेऊन आला" अशी त्या मुलाची आजवर थट्टा होते. बहिणी मात्र म्हणतात, आम्ही दोघी पाऊणच.

हा पैसा येतो कुठून, हे आपल्या मुलांनी एकदा नीट समजून घ्यावं, कारण न्याय-अन्यायाची निम्मी गोष्ट तिथेच आहे. इथे बाळंतभत्ता मालकाच्या खिशातून जात नाही. १९५४ पासून राष्ट्रीय विम्यात कामगार आणि मालक दोघे हप्ता भरतात, बायका भरतात तसे पुरुषही भरतात, ज्यांना मूल नाही तेही भरतात. बाळंतपणाआधीच्या १४ महिन्यांपैकी १० महिने, किंवा २२ पैकी १५ महिने हप्ता भरलेला असेल तर आज पूर्ण १५ आठवडे मिळतात. १४ पैकी सहाच महिने भरला असेल तर ८ आठवडे.

मुंबईत उलट झालं होतं. आजीची आई परळच्या बाजूला एका प्रसूतिगृहात नर्स होती. आपल्या कितीतरी बायका त्या पेशात गेल्या. गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतभत्त्याचा कायदा हिंदुस्थानात सर्वात आधी झाला तो मुंबई इलाख्यात, १९२९ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्या विधेयकाची बाजू घेतली होती. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या अंशी सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी कबूल केलं होतं. पण सरकार उचलत नाही, तर तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तरी द्यावा, असं त्यांचं म्हणणं. कायद्याने भार मालकावरच टाकला. पणजी सांगायची, की गिरणीतल्या बायका पोट दिसू लागलं की लुगडं सैल नेसायच्या. मुकादमाला कळलं तर भत्त्याचा हक्क लागू होण्याआधीच नाव कमी होईल, ही धास्ती. पणजीच्या सांगण्यात कायद्याचं कलम कधी आलं नाही; लुगडं मात्र दर वेळी आलं.

भारतात नंतर १९६१ चा कायदा आला. २०१७ पासून तिथे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण जिथे कामगार विमा योजना लागू नाही तिथे ते पैसे मालकच देतो, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर १५ दिवस. ठाण्याला राहणारी आजीची भाची आपल्या सुनेची गोष्ट सांगते: नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं, लग्न कधी झालं? मग थोडं थांबून विचारलं, घरात अजून कोण कोण आहे? दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तिच्या नवऱ्याला त्याच वर्षी नोकरी बदलताना यातलं काहीच कोणी विचारलं नाही.

तेव्हा आजीने नातीला "तुझे दिवस तू देऊ नकोस" असं सांगितलं, तर नातीने उत्तर दिलं ते याच प्रश्नाबद्दल होतं. फक्त आईच घरी राहणार हे साहेबाला आधीपासून ठाऊक असतं, म्हणून तो आधीपासून आईलाच बाजूला ठेवतो. बापही घरी राहू शकतो असं झालं, तर तो कोणाकोणाला बाजूला ठेवील?

"तू माझ्याशी कायदा बोलतेस," आजी म्हणाली. "मी तुझ्या कंबरेबद्दल बोलतेय."

दोघींचंही खरं होतं. म्हणूनच ते भांडण लवकर मिटेना.

इथे शब्दांची थोडी गंमत आहे. मराठी वर्गात "बाळंतीण" हा शब्द आला, की एखादं मूल विचारतंच, त्याचं पुल्लिंग काय? पुल्लिंग नाही. "रजा" हा शब्द मूळ अरबीतला, त्याचा अर्थ संमती, परवानगी; कोणीतरी मोठ्याने दिल्यावर मिळते ती रजा. हिब्रूत बाळंतपणाच्या रजेला वर्षानुवर्षं "हुफशात लेदा" म्हणत, आणि हुफशा म्हणजे सुट्टी, मौज. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला कोणी सुट्टी कशी गेली विचारलं तर तिने काय उत्तर द्यावं? २०१६ मध्ये कायद्यातून तो शब्द गेला आणि "जन्म आणि पालकत्वाचा काळ" असा नवा शब्द आला. लोक अजून हुफशाच म्हणतात. पण कागदावर आता "पालक" आहे, आणि त्यात बाप बसतो.

बापाला जागा त्याआधीच मिळाली होती. १९९८ पासून, पहिले सहा आठवडे आईचे झाले की पुढच्या आठवड्यांत तो तिच्या जागी घरी राहू शकतो, निदान २१ दिवस सलग. नंतर ही अट सात दिवसांवर आली. पगारी आठवडे २००७ मध्ये १२ चे १४ झाले, २०१० मध्ये एकूण रजा २६ आठवड्यांवर गेली, म्हणजे पुढचे आठवडे बिनपगारी, आणि २०१७ पासून पगारी १५ झाले. बाळ आल्यावर लगेच बापाला पाच दिवस गैरहजर राहता येतं, त्यातले तीन त्याच्याच वार्षिक सुट्टीतून वजा होतात आणि दोन त्याच्याच आजारपणाच्या खात्यातून. मूल होणं हा बापाच्या बाबतीत किंचित आजार मानला आहे म्हणायचं.

पण या सगळ्यात एक गोष्ट बदललेली नाही. बापाचे आठवडे आईच्या आठवड्यांतून कापून येतात. अर्जावर तिने सही करावी लागते, की मी माझा हिस्सा सोडते. त्याचं स्वतःचं असं त्यात काही नाही, तिने दिलं तर त्याला मिळतं. आजीने ताटातलं उचलून वाढणं म्हटलं होतं, ते चुकीचं नव्हतं. नातही हे कबूल करते. बापाचे वेगळे आठवडे असते, तिच्या पंधरांवर अधिक असे, तर आजीशी भांडण झालंच नसतं.

मग पैशाचा हिशेब झाला. शाब्बाथ संपल्यावर आजोबांनी वही काढली. नात एका कंपनीत इंजिनियर, नातजावई कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तिचा पगार त्याच्यापेक्षा जास्त. ती घरी राहिली तर विमा तिच्या पगाराच्या हिशेबाने पैसे देणार आणि त्याचा पगार कारखाना देणार. तो घरी राहिला तर तिचा पगार कंपनी देणार आणि विमा त्याच्या पगाराच्या हिशेबाने देणार. आजोबांनी दोन्ही बेरजा केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या.

"सारखंच येतं," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते पटेना. त्यांच्या वेळी कोणीही घरी राहिलं तरी काहीतरी कमी यायचंच.

पैसा जात नव्हता, तर मग अडत कुठे होतं?

ते नातजावयाला कळलं तेव्हा त्याने साहेबाला अर्ज दिला होता. नातजावई मोरोक्कन घरातला, डिमोनातच वाढलेला. त्याला मराठी येत नाही, पण "जेवलास का" आणि "बस झालं" हे दोन्ही समजतं. या घरात तेवढ्यावर भागतं. साहेबाने कागद वाचला, हसला आणि विचारलं, "दूध कोण पाजणार, तू?" खोलीतले बाकीचेही हसले. यात दुष्टावा नव्हता. अशी थट्टा लग्नातही होते. पण त्या उन्हाळ्यात शिफ्टप्रमुखाची एक जागा भरायची होती, आणि सहा वर्षं काम केल्यावर ती त्याला मिळेल असं सगळेच धरून चालले होते. तो २८ दिवस घरी राहिला. परतला तेव्हा ती जागा दुसऱ्याला दिली गेली होती. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "तो इथे होता."

कायदा त्याच्या बाजूने होता. रजेवर असताना आणि नंतर ६० दिवस कामावरून काढायला जी बंदी आहे, ती रजा घेणाऱ्या बापालाही लागू आहे. १९८८ चा समान संधीचा कायदा आईबाप असण्यावरून नोकरीत भेदभाव करायला मना करतो, बढतीतही. पण त्याला कोणी काढलं नव्हतं, आणि न झालेल्या बढतीचा कागद नसतो. त्याने काही केलं नाही.

ही बातमी आजीला कळली तेव्हा तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "आता कळलं ना पुरुषाला?" आणि लगेच तिने जीभ चावली. कारण तो तिच्या समोरच बसला होता, बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत, आणि ते वाक्य त्याला नेमकं समजलं होतं. १९६८ मध्ये यंत्रावरून हलवलं तेव्हा तिला जे वाटलं होतं, तेच त्या मुलाच्या चेहऱ्यावर होतं. समान वाटणी झाली खरी, पण ती तोट्याची. हे आजीला हवं नव्हतं. नातीलाही हवं नव्हतं.

नातीचं म्हणाल तर तिचं काम तिच्याच हातात राहिलं. बाराव्या आठवड्यात एक मोठं काम ग्राहकाच्या ताब्यात द्यायचं होतं, ते तिने दिलं. मूल होऊन परतल्यावर रोज एक तास कमी काम करायची मुभा चार महिने असते. तिला पूर्वी स्तनपानाचा तास म्हणत, आता पालकत्वाचा तास म्हणतात, आणि तोही आई किंवा बाप कोणी घेऊ शकतं. नातीने तो स्वतः घेतला. दूध काढून ठेवायला ऑफिसातल्या एका सामानाच्या खोलीची किल्ली तिला मिळाली. "इतक्या लवकर आलीस? बाळ कोणाकडे?" हे तिला पहिल्या आठवड्यात इतक्या जणांनी विचारलं, की तिने मोजणं सोडून दिलं. बाळ बापाकडे आहे, असं सांगितलं की समोरचा म्हणायचा, "वा, नशीबवान आहेस." त्याला मात्र कोणी नशीबवान म्हटलं नाही.

पूर्ण २६ आठवडे घेतलेल्या तिच्या मैत्रिणीला दुसरंच ऐकावं लागलं: ती केव्हा येईल, येईल की नाही, काय भरवसा. लवकर या तर तुम्ही कसली आई, उशिरा या तर कसली कर्मचारी. यातून वाट निघेल ती बरेच बाप घरी राहू लागतील तेव्हाच, आणि बरेच बाप घरी राहतील ते त्यांच्यातल्या पहिल्या काहींना शिफ्टप्रमुख केलं जाईल तेव्हा. मधल्या काळात कोणीतरी भुर्दंड भरणार. या घरात तो नातजावयाने भरला.

त्या २८ दिवसांतले बरेच दिवस तो सकाळी बाळाला घेऊन बेर शेवाहून डिमोनाला यायचा. एकटा घरी बसून कंटाळतो, असं सांगायचा. खरं म्हणजे बाळ रडलं की काय करायचं हे विचारायला त्याला माणूस हवं होतं. आजीने सुरुवातीला दोन दिवस तोंड वाकडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाळाला पोटदुखी झाली, तेव्हा तिने त्याला हिंगाचं पाणी बेंबीभोवती कसं लावायचं ते दाखवलं. मग नातीसाठी अळिवाची खीर पाठवायची होती, तर अळीव किती वेळ भिजवायचे ते सांगितलं. त्याने हिब्रू अक्षरांत वहीत लिहून घेतलं: "अळीव", "हिंग", "टाळू भरणे". बाळाच्या नावाचा पाळणा आणि मलिदा आधीच झाला होता. तेव्हा त्याने गुळाचे पोहे दोनदा मागून घेतले होते, ही त्याची एकच जमेची बाजू आजी तोवर मानत होती.

एका सकाळी आजीला कुपात खोलिमच्या दवाखान्यात जायचं होतं, रक्त द्यायला. घरी आजोबा, नातजावई आणि बाळ. बाळाने सगळं भरवून ठेवलं. न्हाऊ घालायला आजी हवी, ती तर दोन तास येणार नाही. आजोबांना तीन मुलं आणि सात नातवंडं, पण त्यांनी एकालाही कधी न्हाऊ घातलेलं नव्हतं. ते काम आजीचं, पाटावर बसून, पाय लांब करून, नडगीवर बाळाला पालथं घेऊन. त्यांनी ते दारातून हजार वेळा पाहिलं होतं.

आजी परत आली तेव्हा न्हाणीघराच्या बाहेरपर्यंत पाणी आलं होतं. आत पाटावर नातजावई पाय पसरून बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, आणि बाळ त्याच्या नडगीवर पालथं. बाजूला स्टुलावर आजोबा, बाह्या सरसावून, हातात तांब्या. ते मराठीत सांगत होते, "मान धर, मान", आणि तो हिब्रूत विचारत होता, "पाणी कानात जाईल का?" बाळ रडत नव्हतं.

आजीने पर्स खाली ठेवली. दारातच उभी राहून तिने सगळं नीट पाहून घेतलं.

"तेल कोमट केलं होतं का?" तिने विचारलं.

"केलं होतं," आजोबा म्हणाले. "टॉवेल दे."